कायदा वाचावा, पण तारीख पाहून

वस्तीतील काही मुले-मुली दिवसा नोकरी करून संध्याकाळी कायदा शिकतात. कंपन्यांचा आणि शेअर-रोख्यांचा कायदा अभ्यासाला आला की ती आमच्याकडे विचारणा करतात. अडचण एकच. टीकाग्रंथ हजारो रुपयांचे, ते आणायचे कोठून? आमचे सांगणे असे, की टीकाग्रंथ नंतर पाहा, मूळ कायदा आधी वाचा. तो फुकट मिळतो.

कंपनी कायदा २०१३ आणि सेबी कायदा १९९२ हे दोन्ही सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर आहेत. सेबीचे विनियम, परिपत्रके आणि आदेश तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात. सेबीच्या आदेशावर रोखे अपिलीय न्यायाधिकरणाकडे आणि तेथून कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात अपील होते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून 'ई-एससीआर'वर विनाशुल्क वाचता येतात.

पण हाती आलेला कागद कोणत्या तारखेचा, हे आधी पाहावे. आम्ही कारकुनी करणारे, फाईल उघडली की प्रथम तारीख बघतो. रद्दीच्या दुकानात स्वस्तात मिळणारे पुस्तक बहुधा १९५६ च्या कायद्यावरचे असते. त्यात ६५८ कलमे होती, नव्यात ४७० आहेत. कलमांचे क्रमांकही बदलले.

सहारा प्रकरणाचेच उदाहरण घ्या. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी डिबेंचर्स विकून लाखो लोकांकडून पैसे घेतले आणि हा आमचा खासगी व्यवहार आहे, असे म्हटले. सेबीने जून २०११ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. न्यायाधिकरणाने तो ऑक्टोबर २०११ मध्ये कायम केला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १५ टक्के व्याजासह रक्कम परत करण्यास सांगितले. मुद्दा जुन्या कायद्याच्या कलम ६७ चा होता: ५० किंवा अधिक लोकांना देकार दिला की तो सार्वजनिक ठरतो. आज हाच विषय कलम ४२ मध्ये आहे. कलमात ५० हाच आकडा दिसतो, पण २०१४ च्या नियमांतील नियम १४ ने ही मर्यादा एका आर्थिक वर्षात २०० व्यक्ती अशी केली आहे. नुसते कलम वाचणारा येथे फसतो. म्हणून कलम, नियम, परिपत्रक आणि मग निकाल, हा क्रम सोडू नये.

हा अभ्यास केवळ परीक्षेपुरता नाही. जादा व्याजाचे आमिष घेऊन एजंट आपल्याच दारात येतात आणि कंपनीचे नोंदणीपत्र दाखवतात. नोंदणी झाली म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करण्याची परवानगी मिळाली, असे नव्हे. कंपनीची प्राथमिक माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि कलम ३९९ प्रमाणे ठरलेली फी भरून निबंधकाकडची तिची कागदपत्रे कोणालाही तपासता येतात. घरातील शिकत्या मुलीला हे काम सांगा. मायबहिणींनी बचतीचे पैसे देण्याआधी तिचे उत्तर ऐकावे.