खेळांतील सैन्य जेवत नाहीं

संगणकावरील लढायांच्या खेळांविषयीं एकत्र कुटुंबांत बहुधा दोन पक्ष पडलेले दिसतात. वडील मंडळी म्हणतात, हा काळाचा अपव्यय. मुलें म्हणतात, यांतून आम्हांस इतिहास कळतो. निर्णय देण्यापूर्वीं खेळ स्वतः पाहावा, हें तरी उभय पक्षांस मान्य व्हावें. या हेतूनें नातवाजवळ बसून ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग आम्हीं बारकाईनें पाहिला.

हा खेळ १९९९ सालीं अमेरिकेंत तयार झाला. मध्ययुगांतील राज्यें व त्यांचीं युद्धें हा त्याचा विषय असून २०२२ सालच्या पुरवणींत राजेंद्र चोळाच्या स्वाऱ्याही आल्या आहेत. खेळणारानें राजा व्हावयाचें; अन्न, लांकूड, सोनें व दगड हीं चार द्रव्यें गांवकऱ्यांकडून जमवावयाचीं; आणि मग सैन्य उभारावयाचें. भालाईत घोडेस्वारास अडवितो, घोडेस्वार धनुर्धाऱ्यास गांठतो, धनुर्धारी भालाइतास दुरूनच लोळवितो. कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें सांगतांना जनपद, दुर्ग व कोश हीं दंडाच्या, म्हणजे सैन्याच्या, आधीं गणलीं आहेत. येथेंही कोठार रिकामें असेल तर एकही भालाईत उभा राहत नाहीं. तेव्हां मुलांचा पक्ष अगदींच लटका नव्हे.

परंतु एक उणीव फार मोठी आहे. एक गांवकरी निर्माण करावयास ५० मापें अन्न लागतें. तें एकदां खर्च झालें कीं तो पुढें कधींच कांहीं खात नाहीं. शिपायाचीही तीच गत. सैन्य परमुलखांत कितीही काळ ठेवा, कोठारांतील दाणा हलत नाहीं. कोणास ताप येत नाहीं, कोणी चालून थकत नाहीं.

याच खेळाच्या २००० सालच्या पुरवणींत ॲजिनकोर्टची लढाई आहे. तिचा खरा वृत्तांत या उणिवेवर चांगला प्रकाश पाडतो. इंग्लंडचा राजा पांचवा हेन्री १४१५ च्या ऑगस्टांत फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. हार्फ्लर शहर घ्यावयास महिन्याहून अधिक काळ लागला आणि त्या वेढ्यांत अतिसारानें त्याचें सैन्य पोखरलें. ऑक्टोबरच्या ८ तारखेच्या सुमारास तो कॅले बंदराकडे निघाला, तेव्हां शिदोरी सुमारें आठ दिवसांची होती. सोम नदीचे उतार फ्रेंचांनीं रोखले असल्यामुळें कांठाकांठानें मुलखाच्या आंत शिरावें लागलें. नदी ओलांडावयास १९ तारीख उजाडली. वाटेंतील कांहीं गांवांनीं जाळपोळ टळावी म्हणून या सैन्यास पाव व मद्य दिलें. २५ तारखेस शत्रूशीं गांठ पडली, तेव्हां तें भुकेलेलें, आजारी व पावसानें भिजलेलें होतें. तरीही जय त्याचाच झाला. लांब धनुष्यें, पुढें रोवलेले टोंकदार खुंट, आणि रात्रीच्या पावसानें चिखल झालेली, नुकतीच नांगरलेली जमीन यांच्या कैचींत चिलखती फ्रेंच सरदार सांपडले.

ती जमीन कोणा शेतकऱ्यानें पेरणीसाठीं नांगरली होती. तो पाव कोणाच्या तरी चुलीवरून उचलून दिलेला होता. खेळांत हेन्री आहे, धनुष्य आहे, फ्रेंच घोडेस्वार आहे. ती चूल मात्र नाहीं. म्हणून तेथें युद्ध स्वस्त वाटतें, आणि राजा होणें फार सोपें वाटतें. जनपदाचें नांव आहे, पण त्याचें पोट नाहीं.

एवढ्यावरून खेळ घरांतून हद्दपार करावा असें आमचें मत नाहीं. बंदी घातली तर मूल शेजारच्या घरीं जाऊन खेळेल आणि उणीव तशीच राहील. त्यापेक्षां जेवणाचीं पानें मांडतांना त्यास सहज विचारावें, “आज तुझें सैन्य काय जेवलें, आणि कोणाच्या घरचें?” ज्या घरांत दोन्ही वेळां दहाबारा पानें वाढलीं जातात, तेथील स्त्रियांस या प्रश्नाचें मोल सांगावयास नको. मुलास उत्तर न आलें तरी चालेल. उत्तर शोधावयास त्यानें इतिहासाचें पुस्तक उघडलें, तर त्या खेळाचें सार्थक झालें असें समजावें.