घोडीचे कान

या आठवड्यात पाणीपट्टीबद्दल लिहायचं ठरवलं होतं. ते पुढच्या वेळी. रविवारी नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेच्या रस्त्यावर जे पाहिलं, ते चार दिवस झाले तरी डोळ्यांपुढून हलत नाही.

या सदराचे वाचक जाणतात, की दिवाळी सरून सकाळी धुकं पडायला लागलं, की रविवारी पहाटे मी माझी जुनी शंभर सीसीची मोटरसायकल काढतो आणि घाटाकडे निघतो. या रविवारी भोरच्या पुढे गेलो होतो. एका वळणावर समोर वाडा दिसला. वाडा म्हणजे धनगरांचं चालतं बिऱ्हाड. दिवाळीनंतर फलटण, माण, बारामती भागातले मेंढपाळ असे कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. त्यांची रीत अशी, की पुरुष मेंढ्या घेऊन रानारानाने चारत जातात आणि बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून रस्त्याने पुढचा मुक्काम गाठतात. म्हणजे डांबरी रस्त्यावर, गाड्यांच्या गर्दीत घोडी सांभाळायचं काम बायकांच्या वाट्याला येतं.

सहा घोडी होती. मधल्या एका तांबड्या घोडीवर दोन्ही अंगांना वाकळांची गाठोडी, पिठाचं पोतं, भांडी आणि मेंढ्या कोंडायची जाळी. एका बाजूला डालग्यात कोंबड्या. दुसऱ्या बाजूच्या झोळीतून दोन कोकरांची मुंडकी बाहेर आलेली. आणि या सगळ्याच्या वर, दोरीच्या दोन वेढ्यांनी बांधलेलं अडीच-तीन वर्षांचं पोर, हातात भाकरीचा तुकडा धरून बसलेलं. घोडीची दोरी साठीच्या एका बाईंच्या हातात होती. मागून एक शिंगरू मोकळंच चाललं होतं.

मी गती कमी केली आणि मागेच राहिलो. तेवढ्यात पाठीमागून पाच-सहा मोठ्या गाड्यांचा जथा आला. पहिल्याने दुरूनच लांबलचक हॉर्न वाजवला. दुसऱ्याने घोड्यांना घासून जाताना मूठ पिळली आणि त्याच्या सायलेन्सरमधून फटाक्यासारखे तीन आवाज निघाले. तांबडी घोडी जागच्या जागी उडाली. तिचे मागचे खूर डांबरावर घसरले, ओझं एका अंगाला कललं आणि पोर झोळीच्या बाजूला लोंबायला लागलं. म्हाताऱ्या बाईंनी दोरी सोडली नाही. चार-पाच हात त्या घोडीबरोबर फरफटत गेल्या, तरी सोडली नाही. मागच्या एका बाईने धावत येऊन पोराला खालून हात दिला. एक पातेलं सुटलं आणि खण्‌खण्‌ करत उतारावरून खाली गेलं. त्याचा आवाज बराच वेळ येत होता.

गाड्या तोवर पुढच्या वळणाआड गेल्या होत्या. आपल्या पाठीमागे काय झालं, हे त्या पोरांना बहुधा आजही ठाऊक नसेल. दुष्टपणा एकाच्याही मनात नसेल. पण एक लेकरू दरीच्या कडेला लोंबकळलं, ते याच अज्ञानामुळे.

मी गाडी कडेला घेतली आणि बंद करायला गेलो, तर त्या बाई ओरडल्या, "बंद नगा करू भाऊ! तशीच घुरघुरू द्या. बंद करून फिरून चालू केली का ती आनिक बिचकती."

तीस वर्षं गाडी चालवतो, पण हे मला ठाऊक नव्हतं. एकसारखा चाललेला आवाज जनावर काही वेळात स्वीकारतं. एकदम गप्प होऊन पुन्हा एकदम उठलेला आवाज मात्र त्याला नव्याने घाबरवतो. मी इंजिन चालू ठेवून गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि ओझं सावरायला हात दिला. बाईंचा तळवा दोरीने सोलून निघाला होता. त्यावर त्यांनी हळद मागितली नाही की पाणी मागितलं नाही. आधी त्या घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिल्या, "हो हो हो" असं हलक्या सुरात म्हणत.

"मावशी, घोडी आता शांत झाली हे कसं कळतं?" मी विचारलं.

"कान बघा की," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीकडं एक कान हाय का न्हाई? एक माज्याकडं, एक तुमच्याकडं. म्हंजी आयकतीया. दोनी कान ताठ आन् मान वर झाली का समजायचं, आता बिनसलं. मागं चिकटवलं का लाथ आलीच."

मग मी पंधरा-वीस मिनिटं नुसते कान पाहत उभा राहिलो. घोड्याचे दोन कान दोन दिशांना, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे फिरतात. डावा कान शिंगराकडे, उजवा माझ्या गाडीकडे. लांबून ट्रक चढणीला लागला, तर मला ऐकू येण्याच्या आधी तिचा उजवा कान तिकडे वळला. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. पण शेपटीच्या बरोबर मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. आपण गाडी घेऊन येतो ते नेमके त्या मागच्या आंधळ्या पट्ट्यातून. तिला गाडी दिसत नाही, नुसता वाढत जाणारा गडगडाट ऐकू येतो. ज्या प्राण्याचं सगळं संरक्षण पळण्यात आहे, ज्याच्या पूर्वजांवर वाघ-लांडगे मागून येत होते, त्याने अशा वेळी काय करावं? तो पळणारच. पाठीवर पोर बांधलेलं असलं तरी पळणार.

आता कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 132. जनावर गाडीला घाबरून अनावर होईल असं त्याच्या राखणदाराला वाटलं आणि त्याने थांबायला सांगितलं, तर गाडीवाल्याने थांबलंच पाहिजे, आणि गरज आहे तोवर थांबून राहिलं पाहिजे. जनावर कोणतं, तेही कलमात दिलेलं आहे: घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. इंग्लंडच्या वाहतूक संहितेत 2022 मध्ये आकडेही आले: घोड्याला ओलांडताना ताशी 10 मैलांच्या, म्हणजे 16 किलोमीटरच्या आत राहा आणि किमान 2 मीटर अंतर सोडा. तिकडे घोड्यावर बहुतेक हौसेचा स्वार असतो. इथे घोड्यावर अख्खा संसार असतो. परवापासून मी दहा-बारा गाडीवाल्या मित्रांना कलम 132 विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. मलाही रविवारपर्यंत नव्हतं.

त्या तांबड्या घोडीकडे पाहताना आणखी एक गोष्ट मनात आली. ही बुटकी, काटक, डोंगर चढणारी घोडी भीमथडीच्या रक्ताची. भीमेच्या काठची ही तट्टं मराठी फौजांच्या पायाखालची जमीन होती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. फौजा गेल्या, पागा ओस पडल्या, तरी ही जात टिकली, कारण धनगरांनी ती आपल्या बिऱ्हाडाखाली जिवंत ठेवली. हे काम या बायकांनी दोरी हातात धरून केलं. आपण चौकाचौकात अश्वारूढ पुतळ्यांपुढे हात जोडतो. त्या घोड्यांची पणती-खापरपणती वरंधा घाटाच्या वाटेवर पिठाचं पोतं घेऊन चालली आहे, आणि तिला आपण हॉर्न वाजवतो.

हे मला फार लागलं, कारण आपल्याला घोड्याला मान देता येत नाही असं मुळीच नाही. दरवर्षी माउलींच्या पालखीसाठी शितोळे सरकारांचे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात. त्यांच्यासाठी माणसं आपणहून वाट करून देतात, हात जोडून उभी राहतात. रिंगण झालं की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. तिथे एकालाही सांगावं लागत नाही, की बाबा, आवाज करू नको. मग हाच विवेक चार-पाच महिन्यांनी घाटातल्या वळणावर कुठे जातो? खंडोबा घोड्यावरच बसतो आणि त्याची बाणाई धनगराचीच लेक, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे.

निघताना मावशींना विचारलं, गाडीवाल्यांना काय सांगू? त्यांनी सांगितलं ते असं. लांबूनच गाडी हळू करा, अगदी जवळ येऊन गिअर पाडू नका, त्यानं इंजिन किंचाळतं. हॉर्न नको. शक्य तेवढ्या पलीकडच्या कडेने जा. शिंगरू कुठे आहे ते आधी बघा. घोडी एका अंगाला आणि शिंगरू दुसऱ्या अंगाला असेल तर मधून जाऊ नका, ते आईकडे धावत तुमच्या चाकाखाली येईल. जथा असेल तर सगळे थांबा, एकेक करून जा. तोंडावरची काच वर करून दोन शब्द बोला. "मानसाचा आवाज आला का ती म्हनती, हां, हे मानूस हाय." आणि ओलांडून झालं म्हणजे संपलं नाही. चांगलं लांब जाईपर्यंत मूठ पिळू नका, कारण मागे दोरी अजून कोणाच्या तरी हातात असते.

सोललेल्या तळव्याला त्यांनी लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि वाडा पुढे निघाला. मी दहा मिनिटं तिथेच थांबलो. घोडी वळणाआड गेल्यावर गाडी हळूच काढली, आणि त्यांच्याजवळून जाताना काच वर करून म्हणालो, "मावशी, येतो." घोडीचा एक कान माझ्याकडे वळला आणि पुन्हा शिंगराकडे गेला. ती चालत राहिली.

हे वाडे जूनपर्यंत आपल्या रस्त्यांवर आहेत. ताम्हिणीत, वरंध्यात, भोर-वाईच्या वाटांवर, कधी थेट महामार्गाच्या कडेला. तुमच्या घरी मोटरसायकल चालवणारं कोणी असेल तर आज रात्री जेवताना त्याला एवढं सांगा: पुढे घोडी दिसली आणि तिच्याजवळच्या बाईने हात वर केला, की थांबायचं.