फेणेची सायकल आणि आपली पोरं

भा. रा. भागवत 1910 साली जन्मले, 2001 ला गेले. माणूस जबरा. जूल व्हर्न मराठीत आणला, 'बालमित्र' चालवलं, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसवून चोरांच्या मागं सोडला. वीस पुस्तकं! रात्रपाळी करून आल्यावर वाचलीत मी ती. भाषा पळते, उपदेश करत बसत नाही. भागवतांशी आपलं भांडण नाय.

भांडण त्यांच्याशी, जे म्हणतात फेणे म्हणजे 'मराठी मूल'. 1987 ला दूरदर्शनवर, 2017 ला पडद्यावर, तेच कौतुक. कुठलं मूल? फेणे प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो, वाटेत जात आडवी येत नाही. लोणावळ्याला करवंदं विकणारी पोरगी चालत्या गाडीतून उतरली तर तिला धाडसी कोण म्हणतं? पोलीस काठी उगारतो.

पण मित्रांनो, आता आपलंही ऐका. आपण कविता लिहिल्या, आत्मकथनं लिहिली, शिव्या घातल्या. घालायलाच पाहिजे होत्या. पण दहा वर्षांच्या पोरीच्या हातात काय दिलं? आपल्या पुस्तकात तिला आपलं पोर दिसतं ते मार खाताना, नाहीतर उपाशी.

1901 साली लहानगा भीमराव भावाभाच्यांसोबत मसूर स्टेशनात उतरला. न्यायला कुणी नाही. जात कळली तसा स्टेशनमास्तर मागं सरला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि बैल पोरांनीच हाकायचे! रात्र झाली. डबा भरलेला, प्यायला थेंब नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय हे. ही साहसकथा नव्हं तर काय? आपण ती भाषणात डोळे पुसायला वापरली. 'पुढं काय झालं?' म्हणत जागणारं पोर त्या गाडीत बसवलंच नाही.

मावळात जागा कमी आहेत? भाजे, कार्ले, बेडसे, दोन हजार वर्षांची बुद्धलेणी, अंधारी, पाण्याच्या टाक्यांची. देहूरोडला 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. त्या गर्दीत हरवलेल्या एखाद्या पोरापासून सुरू करा. नाहीतर त्या करवंदवालीलाच नायिका करा. खोडकर करा. बंगल्यातला चोर तिनं पकडावा, आणि पोलिसानं तिलाच धरावं. मग ती सुटते कशी, ते लिहा.

पुढच्या अंकाची चार पानं मोकळी ठेवा. पहिलं प्रकरण मी देतो. चित्रं कोण काढतो, बोला.