भंगार कोण, संगणक की आपली सवय?



गेल्या महिन्याच्या बैठकीत आपल्या वाचनालयातील पाचही संगणक भंगारात देऊन नवे घेण्याचा ठराव मांडला गेला. अंदाजे खर्च दीड लाख, आणि तो वर्गणीतून! मी बँकेत क्लार्क आहे. वीस वर्षे लोकांचे पैसे मोजतो आहे. शंभर-शंभर रुपयांच्या पावत्या फाडून दीड लाख कसे जमतात हे मला ठाऊक आहे. म्हणून या ठरावाला माझा स्पष्ट विरोध आहे. आणि हा विरोध नुसता तोंडी नाही, त्यातला एक संगणक मी घरी नेऊन तपासला आहे.

हे संगणक बिघडले आहेत का? मुळीच नाही. 2013 साली घेतलेली यंत्रे, 4 जीबी मेमरी, पडदा आणि कळफलक ठणठणीत. त्यांचा दोष एवढाच की त्यांच्यावर विंडोज 10 आहे आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी तिचे नेहमीचे सुरक्षा अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने थांबवले. पुढे वर्षभराची जादा मुदत देऊ केली, पण ती मलमपट्टीच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा सुविधा आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपल्या यंत्रांत ते नाही. दुकानदार म्हणाला, ‘भंगारात टाका.’ आपण माना डोलावल्या! वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा शिकवला. पण खतावणीत कपाटाची किंमत शून्य झाली म्हणून कोणी कपाट फोडून सरपण करत नाही.

लिनक्स म्हटले की आपल्या लोकांना काळा पडदा आणि इंग्रजी आज्ञा आठवतात. तो समज आता सोडा. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये युनिक्सच्या धर्तीवर हे काम सुरू केले. जगभरच्या लोकांनी ते वाढवले आणि सर्वांसाठी खुले ठेवले. त्यातूनच 2006 मध्ये ‘लिनक्स मिंट’ निघाले, ते आपल्यासारख्या सामान्य माणसांना सोपे जावे म्हणून. त्याची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती 2 जीबी मेमरीवरही चालते. परवान्याचा खर्च शून्य.

पहिल्या रात्री मी फसलो. मिंटची फाईल नुसती पेनड्राइव्हवर उतरवली, संगणक सुरूच होईना. ती ‘रुफस’सारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहावी लागते, हे दुसऱ्या दिवशी समजले. मग संगणक सुरू होताना एफ 12 दाबून पेनड्राइव्ह निवडला, आणि हार्ड डिस्कला हात न लावता मिंट समोर उभे! खाली डावीकडे तोच मेन्यू, तशाच खिडक्या. इंटरनेट जोडले गेले, आवाज आला. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस तयारच होते. माझी सातवीतली मुलगी न विचारता चित्र काढू लागली. तीन दिवस असेच वापरून पाहिले, जुन्या फायली दुसरीकडे उतरवून घेतल्या आणि मगच कायमचे बसवले. पूर्वी हा संगणक सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. आता मिनिटभर पुरतो.

अडचणी लपवत नाही. आपला जुना स्कॅनर त्याने ओळखला नाही. टॅली विंडोजवरचे आहे, म्हणून खजिनदारांना नवा संगणक लागेल. अवश्य घ्या. पण एक घ्या, पाच नव्हे! वाचनालयात मुले करतात काय? माहिती शोधतात, अर्ज भरतात, निबंध टंकतात. त्याला चार जुनी यंत्रे भरपूर झाली. वाचलेल्या 1 लाख 20 हजारांत मराठी शाळेतल्या मुलांची पुस्तके येतील.

आता मुख्य मुद्दा. मिंटच्या कळफलकांच्या यादीत मराठी स्वतंत्रपणे आहे. त्यात ‘मराठी (कगप)’ अशीही एक रचना दिसली. कगप म्हणजे काय? कन्नड गणक परिषद! सीमाभागातल्या मराठी माणसाने हे दोनदा वाचावे. कन्नडची सक्ती होते म्हणून आपण 1956 पासून लढतो आहोत, आणि तो लढा न्याय्यच आहे. पण त्यांनी आपली भाषा संगणकावर आणण्यासाठी परिषद काढली, कळफलक बसवला, ‘नुडी’ घडवले. त्यांच्या रचनेच्या धर्तीवर आज मराठीही टंकता येते. आणि आपण? आपल्या मुखपत्राचे जुने अंक अशा फॉन्टात अडकले आहेत की ते दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांऐवजी किडेमुंग्या दिसतात. भाषेसाठी मोर्चा काढणाऱ्यांनी आपलीच अक्षरे कुलपात ठेवली आणि किल्ली हरवली, याला काय म्हणावे?

म्हणून माझी मागणी अशी. ठराव मागे घ्या. चार संगणकांवर मिंट बसवा, खजिनदारांसाठी एकच नवा घ्या आणि यापुढचा प्रत्येक अंक युनिकोडमध्येच काढा. जुने अंक पुन्हा टंकण्याचे काम मुलांकडून करवून घेऊ. त्यांना इन्स्क्रिप्ट येईल आणि आपला इतिहासही वाचेल.

‘हे बसवणार कोण?’ असा प्रश्न येणारच. मी बसवीन. पुढचे चार रविवार सकाळी दहा वाजता मी वाचनालयात असेन. ज्यांना शंका आहे त्यांनी घरचा जुना संगणक घेऊन यावे. पेनड्राइव्ह माझा, चहा तुमचा!

जय महाराष्ट्र!

एक सभासद, बेळगाव