सभासद काय शोधतो, त्याचीही नोंद ठेवा



गेल्या लागणीच्या वेळची गोष्ट. को ८६०३२ चं बेणं कारखान्याकडून मिळेल का, हे बघायला मुलाच्या मोबाईलवर आपली वेबसाईट उघडली. वर शोधाची चौकट आहे, तीत 'बेणं' लिहिलं. उत्तर आलं, काही सापडलं नाही. गट ऑफिसात गेलो तेव्हा कळलं, माहिती होती, पण 'बेणे वाटप' या नावानं. आपण बोलतो 'बेणं', कचेरी लिहिते 'बेणे'. एका अनुस्वारापायी माझी एक खेप वाढली.

कुणाची चूक काढायची म्हणून हे लिहीत नाही. पण मी काय शोधलं, याची कारखान्याकडे नोंदच नाही. काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीची पावती होते, मग सभासदाच्या प्रश्नाची का होऊ नये?

याला फार खर्च नाही. गुगल ॲनालिटिक्स ४ फुकट मिळतं आणि त्यात 'साईट सर्च' मोजण्याची सोय आहे. मेख एवढीच, की शोधलेला शब्द निकालाच्या पानाच्या पत्त्यात उमटला पाहिजे आणि त्याच्या आधीची खूण क्यू, एस, सर्च, क्वेरी किंवा कीवर्ड यांपैकी असली पाहिजे. खूण वेगळी असेल तर ती सेटिंगमध्ये भरावी लागते. शब्द पत्त्यात येतच नसेल, तर वेबसाईट करणाऱ्याकडून वेगळी जोडणी करून घ्यावी लागेल. कोणता शोध रिकामा गेला, हेही त्याच वेळी नोंदवून घ्यावं. आपल्या कामाचं खरं तेच आहे.

आणखी दोन गोष्टी. तपशीलवार माहिती मूळ सेटिंगप्रमाणे २ महिनेच राहते, ती १४ महिन्यांवर न्यावी. नाहीतर यंदाच्या हंगामाचा ताळा गेल्या हंगामाशी कसा लागणार? दुसरं, चौकटीत कुणी मोबाईल किंवा आधार क्रमांक लिहिला तर तोही बाहेर जातो. तशी सूचना चौकटीशेजारी ठळक द्यावी आणि असे आकडे पुढे जाण्याआधीच गाळावेत. शब्द मोजायचे आहेत, सभासदावर पाळत ठेवायची नाही.

कुणी म्हणेल, प्रश्न असेल तर वार्षिक सभेत विचारावा. पण सभेत माईक ठराविक लोकांच्याच हाती जातो. मागं बसणारा सभासद 'तोड कधी', 'दुसरा हप्ता' हे रात्री घरी बसून मोबाईलला विचारतो. ज्याच्याकडे मोबाईल नाही, तो मात्र या मोजणीत येणार नाही. त्याच्यासाठी गट ऑफिसात साधी वही ठेवावी.

संचालक मंडळाला विनंती आहे, की दर महिन्याच्या सभेपुढे सर्वांत जास्त शोधलेले आणि रिकामे गेलेले शब्द ठेवावेत. त्यावर काय केलं, ते याच पत्रकात छापावं. 'बेणं' लिहिलं की बेणे वाटपाचं पान उघडलं पाहिजे. सुरुवात तिथूनच करा.

— एक ऊस उत्पादक सभासद