‘नैसर्गिक मृत्यू’ हा शब्द आम्हांस मान्य नाही



मस्कतहून सोहारकडे जाताना बातिना किनाऱ्यावर, सुवैक आणि सहम यांच्या मधोमध खाबुरा लागते. येथे आपली घरे मूठभर आहेत. एखादा बांधव पहाटे अंथरुणातून उठतच नाही, तेव्हा मृतदेह मायदेशी पाठविण्याच्या कागदावर दोनच शब्द उमटतात : ‘नैसर्गिक मृत्यू’. चाळिशीतला, दोन लेकरांना शिकविणारा बाप झोपेत मरतो, यात निसर्गाचा दोष किती आणि आपला किती, हे आपण कधी विचारणार?

हे दोन शब्द घरच्यांचीही वाट अडवितात. प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाख रुपयांचे संरक्षण अपघाती मृत्यू व कायमच्या अपंगत्वासाठी आहे; हृदय बंद पडून गेलेल्याच्या विधवेला त्यावर हक्क सांगता येत नाही.

काही जण म्हणतात, ‘मरण कोणाला चुकले आहे?’ बुद्धाच्या अनुयायाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. कारणाशिवाय कार्य नाही, हीच तर तथागतांची शिकवण! २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने दाखविले की, पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ गोष्टींशी निगडित आहे. धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मानसिक ताण, व्यायामाचा अभाव, फळे-भाज्यांची वाण आणि मद्याचे प्रमाण, या त्या गोष्टी. दक्षिण आशियातील माणसाला हा झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधीच येतो. भारतात २०१६-१७ च्या पाहणीत ४२ टक्क्यांहून अधिक पुरुष तंबाखूचे सेवन करीत होते. यात दैव कोठे आले?

दोष केवळ आपलाच आहे, असेही नाही. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करवून घेण्यास मनाई आहे. ज्याला हा नियम ठाऊकच नाही, तो तो मागणार कसा? उन्हात पाण्यावाचून राबणाऱ्याची मूत्रपिंडे झिजतात. तेव्हा हा नियम प्रत्येक मजुराला त्याच्या भाषेत सांगणे हे संघटनेचे कर्तव्य आहे. आणि व्हिसाच्या वेळची तपासणी माणूस कामास लायक आहे की नाही, एवढेच पाहते; तो जन्मभराचा दाखला नव्हे.

‘बाबासाहेबांनी तरी प्रकृतीकडे कुठे पाहिले?’ असाही युक्तिवाद ऐकू येतो. हा बाबासाहेबांच्या त्यागाचा अवमान आहे. मधुमेहाने जर्जर झालेल्या देहाने त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला धम्म दिला आणि अवघ्या ५३ दिवसांनी, वयाच्या ६५ व्या वर्षी, ते गेले. समाजाचे केवढे नुकसान झाले, हे आपण आजही सोसतो आहोत. त्यांनी देह झिजविला तो समाजासाठी; आपण झिजवितो तो बाटली आणि विडीपायी! जयंतीच्या दिवशी पंचशील ग्रहण करून रात्री पाचवे शील मोडणाऱ्याने बाबासाहेबांचे नाव घेऊ नये.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. येत्या जयंतीला मंडपाच्या दारात रक्तदाब आणि साखर तपासण्याचे टेबल असावे. पुरुषांनी आधी तेथे जावे, मग व्यासपीठावर. कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपुढे गेला असेल, तर तो सुबत्तेची खूण नव्हे, धोक्याची आहे. छातीत दाब, घाम, डाव्या हातात वा जबड्यात कळ आली तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊ नये. तात्काळ ९९९९ फिरवावा. शुक्रवारी खोलीखोलीत जाऊन एकट्या राहणाऱ्या बांधवाची विचारपूस करावी. आजारी भिक्षूला तथागतांनी स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले होते. हे काम भगिनींवर ढकलून आपण मोकळे होऊ नये.

गावी घर बांधण्यासाठी आपण येथे आलो. त्या घरात राहण्यासाठी जिवंत परतणे, हीदेखील चळवळच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!