सिस्टर कोरडं बोलली तेव्हा

‘लेकरू काचेत ठेवलंय’ असा फोन ज्यांच्या घरी आला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मानोरा, रिसोड, मालेगावहून धावत तुम्ही वाशिमच्या सरकारी दवाखान्यात येता आणि एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षाच्या, दाराबाहेर बसता. घटकेघटकेला दार वाजवता, ‘सिस्टर, कसं हाये आता?’ आतून उत्तर येतं, ‘आहे तसंच आहे. बसा बाहेर.’ मग आपलं डोकं फिरतं. हिला काळीज आहे का नाही?

आत काय चाललेलं असतं, ते बघा. दीड किलोचं बाळ, हाताची शीर दोऱ्याएवढी. तिच्यात सुई बसेना, तोवर शेजारचं मशीन ओरडायला लागतं. नियमानं तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हवी. एखादी रजेवर गेली की तिचीही बाळं उरलेल्यांवर येतात. रात्री दोनला एखादं बाळ जातं. त्याला कपड्यात गुंडाळायचं, कागद भरायचे, बापाच्या हातात द्यायचं. आणि लगेच पुढच्या बाळाला नळीनं दूध, कारण त्याची वेळ झालेली असते. रडायला वेळच नसतो. असं वर्षानुवर्षं चाललं की माणूस आतून बधिर होतं. अमेरिकेतल्या कार्ला जॉइन्सन यांनी 1992 साली या थकव्यावर लिहिलं. मी त्याला मायेचा थकवा म्हणतो. ज्याला मायाच नाही, त्याला तो येत नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच एसएनसीयूला जानेवारी 2021 मध्ये आग लागली. 10 बाळं गेली, हे सगळ्यांना आठवतं. 7 वाचवली, हे किती जणांना आठवतं?

म्हणून सांगणं एवढंच. घरातल्या एकानंच विचारावं, तेही डॉक्टरांचा राऊंड झाल्यावर. बाळाला उघड्या छातीशी धरायला सांगितलं तर बापानंही लाजू नये, शर्टाची बटणं सोडावीत. ‘अकोल्याला हलवा’ म्हटलं की राग सिस्टरवर काढू नका, तो निर्णय तिचा नसतो. हात उगारणाऱ्याला 2010 च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते सांगायची वेळ यावी का?

सिस्टर, तुम्हालाही एक. बाळ गेलं तरी काहीच वाटेनासं झालंय, ड्युटीवर निघताना पोटात गोळा येतोय, तर ते मनात दाबू नका. सोबतच्या सिस्टरला सांगा, नाहीतर 14416 ला फोन लावा. टेली-मानसची ही सेवा फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. आणि सासूबाई, सून नाईट करून आली की तिला आधी झोपू द्या. भाकरी दुसरं कोणी थापेल. 12 मेच्या, परिचारिका दिनाच्या, गुलाबापेक्षा तिला हे जास्त लागतं.

घरी गेलेलं लेकरू पुढं कसं निघालं, हे सिस्टरला सहसा कळत नाही. बाजाराला वाशिमला आलात तर पोराला दोन मिनिटं त्या दारापर्यंत न्या. आत नको, नाक गळत असेल तर मुळीच नको. पोराचं नाव सांगून तिला ओळखू येणार नाही, तिथं ते नुसतं आईच्या नावानं ‘अमकीचं बाळ’ होतं. आईचं नाव सांगा आणि जन्माचं वजन. ‘एक किलो चारशे’ म्हटलं की कदाचित तिला आठवेल.